ध्येय सोडण्याचे मानसशास्त्र



अध्यक्षीय भाषणात मानसशास्त्राचा समग्र आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून आज प्रेरणा आणि भावना या आपल्या दोन मूलभूत प्रकरणांबद्दलच बोलतो, तेही याच पुणे शहरातल्या एका वस्तीला समोर ठेवून.

सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता. बीड, नांदेड, बुलढाणा, नंदुरबारकडची मुलेमुली इथे येतात. कॉट बेसिसवर राहतात, मेसमध्ये जेवतात, अभ्यासिकेत महिन्याच्या बोलीवर खुर्ची घेतात आणि जाहिरात निघण्याची वाट पाहतात. राज्यसेवा परीक्षेला अर्ज लाखांत येतात, जागा शेकड्यांत असतात. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. पदवी हातात पडल्यापासून पंधरा-वीस वर्षे एकाच ध्येयाला बांधून घेण्याची मुभा नियमच देतात.

या मुलांना प्रेरणा कमी पडते असे गृहीत धरून तिचा पुरवठा करणारा मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. व्याख्याने, सत्कार, भिंतीवरची वाक्ये. सगळ्यांचे सांगणे एकच : सोडू नकोस. आपल्याला, मानसशास्त्राच्या माणसांनाही, तिथे बोलावले की आपण बहुधा हेच सांगून येतो. ध्येय कसे सोडावे याचेही ज्ञान आपल्या शास्त्राकडे आहे. ते या पेठांत आपण पोचवलेले नाही, आणि हे मला फार गंभीर वाटते.

प्रेरणा ही भावनेपासून वेगळी काढून कुणाच्या मनात ओतता येत नाही. पुण्याच्याच डॉ. के. ना. वाटवे यांचा ‘रसविमर्श’ १९४२ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात रसव्यवस्थेच्या मानसशास्त्रावर त्यांचा इंग्रजी लेखही आला. नाट्यशास्त्रकार भरताचे स्थायीभाव आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅक्डूगलची सहजप्रवृत्तींची मांडणी त्यांनी शेजारी ठेवून पाहिली. मॅक्डूगलच्या सहजप्रवृत्ती पुढे मानसशास्त्राने बऱ्याच अंशी टाकून दिल्या, पण प्रत्येक प्रवृत्तीच्या गाभ्याशी एक भावना असते हा त्यातला धागा टिकला. भरताने तर उत्साहाला रती, शोक, क्रोध, भय यांच्या पंक्तीत, आठ स्थायीभावांत बसवले. शिवाय तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येणारेजाणारे, भाव सांगितले. निर्वेद, ग्लानी, शंका, असूया, श्रम, दैन्य, चिंता, धृती ही त्यांतली काही नावे. अभ्यासिकेतल्या कुठल्याही मुलीला विचारा, सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत यांतले किती येऊन जातात! रंगभूमीसाठी केलेली ही यादी प्रयोगशाळेतली नव्हे, हे मला मान्य आहे. पण उत्साह इतक्या उलटसुलट भावांच्या येण्याजाण्यातच टिकतो, ही तिची समज ‘नकारात्मक विचार काढून टाका’ या सल्ल्यापेक्षा कितीतरी प्रौढ आहे.

‘एका मार्काने पोस्ट गेली’ हे वाक्य तुम्ही सर्वांनी ऐकले असेल. २००९ मध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी जुगाराच्या यंत्रावर प्रयोग केले. थोडक्यात हुकलेला डाव माणसांना अप्रिय वाटला, तरीही पुन्हा खेळण्याची त्यांची इच्छा वाढली. केंट बेरिज यांनी ‘हवे असणे’ आणि ‘आवडणे’ यांच्या मेंदूतल्या यंत्रणा वेगळ्या आहेत हे दाखवले. व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्यांना हा अनुभव रोजचा आहे : पिण्यातला आनंद कधीच संपलेला असतो, ओढ मात्र तशीच. परीक्षा म्हणजे जुगार नव्हे, हे स्पष्ट सांगतो. इथे एका मार्काचे अंतर तयारीबद्दल खरी माहितीही देते. पण जागा किती निघतील आणि कट-ऑफ कुठे लागेल हे उमेदवाराच्या हातात नसते. तेव्हा ‘या वेळी थोडक्यात गेली’ या दुःखातून उठणारी उसळी आणि पुढच्या वेळी पोस्ट निघण्याची खरी शक्यता, या दोन गोष्टी त्याला वेगवेगळ्या दाखवणे हे आपले काम आहे.

आता ध्येय सोडण्याच्या प्रश्नासाठी मानसशास्त्रज्ञ एरिक क्लिंगर यांच्याकडे वळतो. त्यांचा १९७५ चा निबंध आपल्या अभ्यासक्रमांत जवळजवळ कुठेच नाही, आणि माझ्या मते या पेठांसाठी त्याच्याइतके उपयोगी लेखन थोडे आहे. त्यांनी सांगितलेला क्रम असा. ध्येयाच्या वाटेत अडथळा आला की माणूस आधी दुप्पट जोर लावतो. जमले नाही की चिडतो. तरीही जमले नाही की खचतो, कशात रस वाटत नाही, शरीर जड होते. आणि मग हळूहळू सावरतो. खचणे हा सुटकेच्या वाटेवरचा नेहमीचा टप्पा आहे, असे त्यांचे म्हणणे.

हे आपल्या मुलांना लावून पाहा. निकालानंतर खचलेला मुलगा घरी फोन करत नाही, मेसला जात नाही. नेमके त्याच वेळी त्याला जोरदार भाषण ऐकवले जाते आणि तो पुन्हा पहिल्या टप्प्यावर, दुप्पट जोरावर जाऊन उभा राहतो. अशी तीन-चार आवर्तने झाली की वय वाढलेले असते, बापाने शेतीवर काढलेले कर्ज वाढलेले असते आणि सावरण्याचा टप्पा एकदाही आलेला नसतो. काहींचे खचणे क्लिंगरच्या क्रमापलीकडे जाते, तिथे मनोविकारतज्ज्ञच हवा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक प्रत्येक अभ्यासिकेच्या दारावर लावायला काय हरकत आहे?

कार्स्टन व्रॉश, मायकेल शायर, चार्ल्स कार्व्हर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हा धागा पुढे नेला. आवाक्याबाहेर गेलेले ध्येय ज्यांना सोडता येते आणि दुसरे धरता येते, त्यांचे मानसिक स्वास्थ्य बरे असते असे त्यांना आढळले. दुसरे धरणे इथे फार महत्त्वाचे. आपल्याकडे ‘प्लॅन बी’ म्हणजे निष्ठेत खोट, असे मुलांना शिकवले जाते. याला आपण उघड विरोध केला पाहिजे.

परिस्थिती आपल्या हातात असण्याबद्दल, म्हणजे नियंत्रणाबद्दल, थोडक्यात. ११ मार्च २०२१ रोजी, राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेला तीन दिवस उरले असताना ती पुढे ढकलली गेली आणि नवी पेठेत मुले रस्त्यावर बसली. वर्तमानपत्रांना त्यात संताप दिसला. मला त्यात एक निरोगी खूणही दिसते. स्टीव्हन मायर आणि मार्टिन सेलिग्मन यांनी १९६७ मध्ये शिकलेल्या असहायतेची कल्पना मांडली आणि २०१६ मध्ये स्वतःच ती उलटवली : दीर्घ त्रासापुढे निपचित होणे हे मूळचेच असते, आपल्या हातात काही आहे हे मात्र शिकावे लागते. परीक्षेचे वेळापत्रक वेळेवर पाळले जाणे हा म्हणूनच मानसिक आरोग्याचा विषय आहे. आपण तो शासनापुढे तसाच मांडावा.

माझी मागणी मोठी नाही. पेठांतून गावी परतलेल्या, पोस्ट न निघालेल्या उमेदवारांचा आपण दीर्घकाळ पाठपुरावा करावा. कुणी शेती केली, कुणी दुकान टाकले, कुणी शिक्षक झाले, कुणी अजून घराबाहेर पडत नाही. सावरायला कुणाला कशाने मदत झाली, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. यशस्वी झालेल्यांच्या मुलाखती भरपूर छापून आल्या आहेत, यांना कुणी विचारलेले नाही. उद्याच्या कार्यकारिणीच्या बैठकीत मी हा ठराव ठेवणार आहे. प्रश्नावली मराठीत तयार करायची, जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन मुलाखती घ्यायच्या अशी ज्यांची तयारी असेल, त्यांनी आज संध्याकाळपर्यंत आपली नावे माझ्याकडे द्यावीत.