थंडीत मुक्या जिवांची काळजी



दिवाळी सरली की आपण कपाटातले स्वेटर, शाली बाहेर काढतो. मुलांच्या छातीला बाम लावतो, आजीला कानटोपी घालायला सांगतो. आज मात्र घरातल्या त्या मेंबरांबद्दल बोलू या, ज्यांना 'मला थंडी वाजते' असं सांगता येत नाही. म्हणजे आपली मनी, आपला मोत्या, कुणाकडे दारात बांधलेली शेळी.

तुम्ही म्हणाल, आपल्या भिवंडीत कसली आलीये थंडी? नाशिक-निफाडसारखी नाही, हे खरंच. पण पत्र्याची खोली पहाटे चांगलीच गार पडते आणि ओल्या फरशीवर झोपलेल्या जनावराला ती बाधते. त्यातही लहान पिल्लं, म्हातारी आणि आजारी जनावरं यांना जास्त. म्हणून पहिली गोष्ट, जमिनीपासून थोडी उंच, कोरडी जागा द्या. लाकडी फळी किंवा पुठ्ठ्याचं खोकं, त्यावर जुनी चादर. गोणपाट चालेल, पण ते रोज उन्हात टाका. ओलं गोणपाट असण्यापेक्षा नसलेलं बरं.

आता एक खास आपल्या गावची गोष्ट. हे यंत्रमागाचं गाव. चिंध्या आणि सुताचा गुंता घरोघरी सापडतो आणि मऊ म्हणून तोच आपण मांजराच्या खोक्यात भरतो. चिंध्या घाला, पण सुटं सूत नको. मांजराची जीभ खरखरीत असते, एकदा धागा जिभेवर चढला की तिला तो थुंकता येत नाही, ती गिळतच जाते. पोटात गेलेला लांब धागा आतडं गोळा करतो, कधी कापतोही. मांजर उलट्या करतंय, खात नाही, आणि तोंडातून किंवा शेपटीखालून धागा लोंबतोय असं दिसलं, तर तो ओढू नका. ओढल्यानं आतडं फाटू शकतं. तसंच डॉक्टरकडे न्या.

दुसरी गोष्ट शेगडीची. दारं-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची, तिच्याजवळ मूल आणि कुत्रं झोपवायचं, हे कधीच करू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. झोपेतच माणूसही जातो आणि जनावरही. ऊब हवी असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात घट्ट गुंडाळून खोक्यात एका बाजूला ठेवा. गरम वाटलं तर पिल्लाला बाजूला सरकता आलं पाहिजे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मोत्याच्या अंगाला हात लावला, गरम लागलं, म्हणजे ताप आला असं आपण धरून चालतो. कुत्र्या-मांजराचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. त्यात घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दिली, तर मांजराच्या जिवावर बेतते. तिच्या शरीराला ते औषध पचवताच येत नाही. हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं, धाप लागते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, तासाचाही उशीर नको. आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या कुत्र्यालाही देऊ नका. कापराचा बाम त्यांच्या छातीला चोळू नका, ती तो चाटून पोटात घेतात. स्वेटरमधल्या डांबराच्या गोळ्याही त्यांच्या तोंडाला लागणार नाहीत अशा ठेवा.

आंघोळीची घाई नको. घालायचीच तर दुपारी, कोमट पाण्यानं, आणि केसांच्या मुळापर्यंत कोरडं करा. थंडीत जनावरं पाणी कमी पितात, म्हणून भांडं रोज धुऊन ताजं भरा. शेळीला पहाटेच्या दवात चरायला सोडू नका. नाकातून पाणी, खोकला, चारा सोडणं दिसलं तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. मोठ्या दुखण्याला परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, १८८३ पासून ते मुक्या जनावरांची सेवा करतंय.

घराबाहेरच्यांचंही थोडं बघू या. रात्री गार झालं की मांजराची पिल्लं टेम्पोच्या, गाडीच्या इंजिनाजवळ ऊब शोधतात. घरच्या माणसांना सांगा, सकाळी चावी फिरवण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. संक्रांतीला नायलॉनचा मांजा आणू नका, त्यावर बंदी आहे. गच्चीवर, तारांवर अडकलेला मांजा दिसला तर तो गोळा करून कचऱ्यात टाका. पाखरांचे पंख त्यातच कापतात.

या दिवसांत गल्लीत कुत्रीची पिल्लं खूप दिसतात. मुलं ती उचलून घरी आणतात. पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत आईपाशीच राहू द्या. घरी आणलंच, तर आधी लसीकरण विचारा. साधारण तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. 'आमचा घरातच असतो, त्याला कशाला लस?' असं म्हणू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की त्यावर इलाज नाही, ना जनावराला, ना माणसाला. मुलाला पिल्लाचा दात लागला, नुसता ओरखडा आला, तरी हळद-चुना न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. पोरं मार बसेल म्हणून चावलेलं लपवतात. त्यांना आजच सांगून ठेवा, आम्ही रागावणार नाही, पण लगेच सांग.

मैत्रिणींनो, यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, लक्ष लागतं. आज रात्री झोपण्याआधी एवढंच करा, मनीच्या खोक्यात हात घालून बघा. कोरडं आहे का? सुताचा गुंता तर नाही ना?