छंद आणि पहिली मजुरी



पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे हल्लीचे छंद आणि कामधंद्याशी होणारी त्यांची पहिली गाठ, असा विषय आजच्या भाषणासाठी मजकडे आला आहे. पस्तीस वर्षे शाळेत शिकवल्यामुळे मुलांविषयी मला पुष्कळ माहिती असावी, असा हा विषय देणाऱ्यांचा समज झालेला दिसतो. वस्तुतः शिक्षकास मुले दिसतात ती बाकावर बसलेली. बाकावरून उठल्यानंतर ती काय करतात हे त्याला बहुधा सर्वांच्या शेवटी कळते. मला जे थोडेबहुत कळले ते निवृत्तीनंतर, घरातल्या घरात, नातवामुळे. तेव्हा आजचे बोलणे पुष्कळसे त्याच्याविषयीच होईल.

आमच्या वयाची चार माणसे एकत्र जमली म्हणजे 'हल्लीच्या मुलांना मोबाइलवाचून दुसरा छंदच नाही' हे वाक्य एकदा तरी निघतेच. ते मला पटत नाही. आम्ही लहानपणी टपालाची तिकिटे आणि काड्यापेट्यांवरील चित्रे जमवीत होतो, आणि त्या वेळचे वडीलही 'पोरे कागद गोळा करण्यात वेळ दवडतात' असेच म्हणत. रविवारी पहाटे राजगड-तोरण्याकडे निघणारी मुले पाहावीत. गणेशोत्सवापूर्वी दोन महिने मुठेच्या काठी सराव करणारी ढोल-ताशांची पथके ऐकावीत. काठावर राहणाऱ्यांना ती न ऐकणे शक्यच नसते, आणि याविषयीची त्यांची तक्रार मला रास्त वाटते, हा भाग निराळा. डिसेंबर २०२४ मध्ये डी. गुकेश अठराव्या वर्षी बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून आमच्या इमारतीच्या जिन्यावर संध्याकाळी पट मांडलेले दिसतात आणि वर जाणाऱ्यास पाय जपून टाकावा लागतो.

नातवाचा छंद याहून लहान, मुठीत मावणारा आहे. सहा रंगांचा तो फिरता ठोकळा आपण पाहिला असेल. मुले त्याला क्यूब म्हणतात. बुडापेस्ट येथील वास्तुकलेचे अध्यापक एर्नो रुबिक यांनी तो १९७४ साली तयार केला आणि १९८० पासून तो जगभर पसरला. त्याच्या रंगांच्या मांडण्या किती होतात ती संख्या वीस अंकी आहे. तथापि मांडणी कितीही विस्कटलेली असली, तरी मूळ स्थितीला येण्यास वीसपेक्षा अधिक चाली कधीच लागत नाहीत, हे २०१० साली संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले. ही माहिती नातवाने मला दिली तेव्हा मी सहज विचारले, "मग तू वीस चालींत का सोडवीत नाहीस?"

"आजोबा, त्या वीस कोणत्या हे माणसाला दिसत नाही," तो म्हणाला. "मला साठ लागतात. पण उत्तर आहे हे नक्की असते ना, त्यामुळे हात थांबत नाही."

त्या साठ चाली तो पंचवीस सेकंदांत करतो. जेवताना देखील त्याची बोटे ताटाच्या कडेवर फिरत असतात आणि त्यावरून आईचे आणि त्याचे रोज एकदा वाजते. मला मात्र त्यात एक नवल वाटत आले आहे. एकदा सोडवलेले गणित पुन्हा सोडवावयास सांगितले की शाळेत कोणत्याही मुलाचा चेहरा उतरतो; तेच मूल हे एकच कोडे दिवसातून पन्नास वेळा आपखुशीने सोडवते, दर वेळी घड्याळ लावते आणि लागलेला वेळ प्रामाणिकपणे वहीत लिहून ठेवते. वाईट वेळसुद्धा लिहिते. ती वही कोणी तपासावयाची नसते म्हणूनच हे घडते, असे माझे मत आहे.

२०२५ च्या मार्चमध्ये त्याची दहावीची परीक्षा संपली. आता सुट्टी, असे आपण म्हणाल. परंतु ती सुट्टी हल्ली शिल्लक उरलेली नाही. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेचे वर्ग एप्रिलपासूनच सुरू होतात, आणि त्यासाठी नाव घालण्याची माझ्या चिरंजिवांची पूर्ण तयारी झाली होती. अशा वेळी नातवाने जाहीर केले की, कोपऱ्यावर दर वर्षी मांडव घालून आंबे विकणारे जे शेठ आहेत, त्यांना संध्याकाळी पाच तासांसाठी मुलगा हवा आहे आणि आपण तेथे जाणार. रोजचे अडीचशे रुपये मिळणार होते. त्याला चुंबक बसवलेला एक चांगला क्यूब घ्यावयाचा होता. परंतु तेवढेच कारण नसावे. कोणी ओळखीचे नाही अशा ठिकाणी आपण चालतो की नाही, हे त्याला पाहावयाचे होते.

घरात दोन दिवस चर्चा झाली. "मास्तरांचा नातू आंबे विकणार?" हा प्रश्न शेजारच्या गृहस्थांनी विचारला, घरच्यांनी तो मनात ठेवला. ज्या प्रांतात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग शेकडो खेड्यांतील मुलांना मोकळा केला, त्या प्रांतात हा प्रश्न अजून विचारला जावा याचे मला वाईट वाटले. त्या मुलांना कमावल्यावाचून शिकणे शक्य नव्हते. माझ्या नातवाला ते सहज शक्य होते. हा फरक मी विसरलो नव्हतो, आणि पुढे तो दुसऱ्या रीतीने समोर आला. मुलाच्या वडिलांना कायद्याची शंका होती. १९८६ चा बालकामगारविषयक कायदा २०१६ साली सुधारण्यात आला आहे. घरचा धंदा आणि कलाक्षेत्र यांतील काही अपवाद सोडल्यास चौदा वर्षांखालील मुलास कामास ठेवता येत नाही. चौदा ते अठरा या वयात खाणी, स्फोटके अशा धोक्याच्या कामांना बंदी आहे. आंब्याचे दुकान धोक्याचे नव्हे, असे आम्ही ठरवले. वर्गाची दुसरी तुकडी जूनमध्ये निघणार होती. तीत नाव घालावे, असे मी सुचवले आणि ते मान्य झाले.

पहिले आठ दिवस त्याला गिऱ्हाइकांपुढे येऊ दिले नाही. मांडवामागे भाताच्या पेंढ्यात आंब्यांची आढी घातलेली असे. ती रोज उलगडावयाची, तयार फळे वेगळी काढावयाची, डागी बाजूस ठेवावयाची आणि उरलेली पुन्हा पेंढ्यात निजवावयाची, हे त्याचे काम. आंबा दाबून पाहावयाचा नाही. देठाशी वास घ्यावयाचा आणि रंग पाहावयाचा. दाबलेल्या फळावर दुसऱ्या दिवशी बोटाचा डाग उमटतो आणि तो कोणाचा हे शेठना कळते. लवकर पिकविण्यासाठी कार्बाइडची पूड वापरणे अन्नसुरक्षेच्या नियमांनी वर्ज्य आहे, हे तेथेच त्याला समजले. शेठ त्या बाबतीत चोख होते, हे सांगितले पाहिजे. पंचवीस सेकंदांचा हिशेब ठेवणारा हा मुलगा एका आढीपाशी तास-तास बसू लागला. घरी येई तेव्हा सदऱ्याला पेंढ्याचा वास असे आणि बोटे ताटाच्या कडेवर फिरत नसत. ती दुखत असत.

नवव्या दिवशी तो पुढे आला, आणि त्याची साक्याशी गाठ पडली. हापूस घेणाऱ्या प्रत्येक घरास हा शब्द ठाऊक आहे. फळ बाहेरून निर्दोष, रंग केशरी, वास घमघमीत. आणि कापावे तो आत गर पांढुरका, स्पंजासारखा, आंबट. बाहेरून हे ओळखण्याची युक्ती विकणाऱ्यापाशी नाही. कोकणातील कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात काढली. तिच्यात हा दोष नाही. परंतु गिऱ्हाईक मागते हापूसच. एक वृद्ध बाई दोन डझन आंबे घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी कापलेल्या चार फोडी डब्यात घालून परत आल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "बाळ, नातवंडं आलीत रे गावाहून," एवढेच त्या म्हणाल्या. मुलाने चार आंबे बदलून दिले. शेठ त्या वेळी दुकानात नव्हते. रात्री हिशेबात त्या चार आंब्यांची किंमत मुलाच्या मजुरीतून वजा झाली.

त्या रात्री तो जेवला नाही. त्याचे म्हणणे असे की, आंबा खराब निघाला यात बाईंचा दोष नाही आणि आपलाही नाही. मग भुर्दंड आपणास का? वडील म्हणाले, उद्यापासून जाऊ नकोस. मी त्याला विचारले, "बदलून देण्याचा नियम काय आहे, हे तू शेठना विचारले होतेस का?" नियम असा काही नव्हताच. तेव्हा तो विचारून घे, असे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले. शेठचेही एक म्हणणे होते. बागाईतदार पेटी विकतो तो साक्याची हमी देत नाही. आढीतील नासके फळ शेठच्या माथी, मांडवाचे भाडेही त्यांच्याच माथी. अखेर ठरले ते असे की, डझनामागे दोन फळांपर्यंत, कापलेली फोड दोन दिवसांत आणून दाखविल्यास बदली द्यावी. हे एका पुठ्ठ्यावर लिहून मांडवात टांगले गेले. अक्षर माझ्या नातवाचे होते. वजा झालेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत. ते मिळावयास हवे होते, असे मला आजही वाटते.

निकाल १३ मे रोजी लागला. गुण चांगले होते. त्या संध्याकाळीही तो कामावर गेला आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांस पेढे वाटावे लागल्यामुळे थोडा उशिरा परतला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात अवघड प्रसंग आला. त्या वर्षी पाऊस लवकर आला. मोसमी वारे २६ मे रोजीच मुंबईपर्यंत पोहोचले, आणि त्याआधीच्या सरींनी कोकणातला माल घटला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बाहेरचे फळ त्या नावाने विकणे योग्य नव्हे. कर्नाटकातून येणारा आंबा दिसावयास पुष्कळ सारखा असतो आणि भावाने बराच स्वस्त. तो आंबा 'देवगड' लिहिलेल्या पेट्यांत भरलेला मुलाने पाहिला. त्याला कोणी खोटे बोल असे सांगितले नाही. विचारले तर गप्प राहा, एवढेच सांगितले. एका गृहस्थांनी विचारले. मुलगा म्हणाला, "काका, हा कर्नाटकचा आहे." गृहस्थ निघून गेले. शेठनी त्याला ओरडले नाही की काढून टाकले नाही. पुन्हा मांडवामागे पेंढ्याशी बसवले.

घरी त्याने हे सांगितले तेव्हा तो रडला नाही आणि आपण मोठे काही केले अशी ऐटही त्याच्या बोलण्यात नव्हती. त्याला एकच गोष्ट टोचत होती. क्यूबमध्ये उत्तर सापडले की सगळ्या बाजू एकदम जुळतात. येथे त्याने खरे सांगितले आणि एकही बाजू जुळली नाही. गिऱ्हाईक गेले, शेठ दुरावले, पेट्या तशाच राहिल्या. मी त्यावर काही बोललो नाही. शिक्षकाला बोलण्याची सवय फार असते. ती त्या रात्री आवरली. राहिलेले पाच दिवस भरावयाचे की नाहीत हे मी त्याच्यावर सोपवले, आणि त्याने ते भरले. कारण विचारता म्हणाला, "मी गेलो तर सगळी आढी एकट्याला लावावी लागेल त्याला."

'त्याला' म्हणजे दुकानातील दुसऱ्या मुलाला. हा एकोणीस वर्षांचा, मराठवाड्यातून आलेला. वास घेऊन फळ ओळखण्यास नातवाला शिकवले ते त्याने. आंब्याचे दिवस संपले की तो भाजीच्या गाड्यावर जातो, दिवाळीत आकाशकंदील विकतो. दहावीनंतर त्याची शाळा सुटली. चौथ्या मोसमाला असलेल्या या मुलाची मजुरी ताशी हिशेबाने माझ्या नातवाहून जेमतेम दहा रुपयांनी अधिक होती. हे नातवाला कळले ते पाकिटे वाटली तेव्हा, आणि पेट्यांच्या प्रकरणापेक्षाही त्याचा त्याला अधिक धक्का बसला. 'कामाची चव' असे जे आपण कौतुकाने म्हणतो, ते माझ्या घरच्या मुलापुरते खरे होते. जूनमध्ये त्याच्यापुढे वर्ग होता. दुसऱ्यापुढे भाजीचा गाडा.

चुंबकाचा क्यूब त्याने घेतला. उरलेले पैसे बँकेत आहेत. जुना क्यूब त्या मित्रास दिला. तो मुलगा आता सोमवारी, गाडा बंद असतो त्या दिवशी, संध्याकाळी आमच्याकडे येतो. दोघे जिन्यावर बसतात, नातू शिकवतो. खालचा थर त्याला जमू लागला आहे, मधला अद्याप अडतो. गेल्या सोमवारी त्याने नातवाला विचारले की, दहावीनंतर चार वर्षे गेलेल्या माणसाला अकरावीत बसता येते का. नातवाने तो प्रश्न माझ्याकडे आणला. बाहेरून परीक्षेस बसण्याचे अर्ज कोठे मिळतात आणि रात्रीचे वर्ग कोठे भरतात याची चौकशी मी उद्या सकाळी करणार आहे.