आकाशातील स्फोट आणि जमिनीवरचे डोळे



मी शास्त्रज्ञ नव्हे, कामगारांत काम करणारा माणूस आहे. म्हणून अणुस्फोटांच्या छायाचित्रांकडेही मी राबणाऱ्याच्या बाजूने पाहतो.

१ ऑगस्ट १९५८ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील जॉन्स्टन बेटावरून अग्निबाण सोडून सुमारे ७६ किलोमीटर उंचीवर ‘टीक’ हा स्फोट केला. जमिनीजवळची दाट हवा स्फोटाची शक्ती अडवून धरते. तेथे हवा विरळ, म्हणून आगीचा गोळा भराभर फुगला. साडेतीन सेकंदांत त्याचा व्यास सुमारे २९ किलोमीटर झाला!

९ जुलै १९६२ रोजी ‘स्टारफिश प्राइम’ हा स्फोट ४०० किलोमीटरवर झाला. विद्युत्भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून धावले व आकाश रंगले. शाळेच्या पुस्तकात ठिपक्यांनी काढलेल्या त्या रेषांची वाट फिल्मवर उमटली. ज्ञानाचा हा लाभ मी नाकारीत नाही. पण सुमारे १,४५० किलोमीटरवरच्या, म्हणजे मुंबई-दिल्लीहून लांबच्या, होनोलुलूत रस्त्यावरचे काही दिवे गेले, आणि अवकाशात उरलेल्या किरणोत्सर्गाने ‘टेलस्टार’सारखे उपग्रह निकामी केले.

आता माणसाचा हिशेब पाहू. २६ ऑक्टोबर १९६२ च्या ‘ब्लूगिल ट्रिपल प्राइम’ स्फोटात बेटावरील दोघांची दृष्टिपटले भाजली. संरक्षक चष्मे त्यांच्या डोळ्यांवर नव्हते. उंचावरील स्फोटाचा प्रकाश पापणी मिटण्याआधीच येतो, आणि भिंगाने कागद जाळावा तसे डोळ्याचे भिंग तो एका ठिपक्यावर गोळा करते. फिल्म करपू नये म्हणून काळी काच लावण्याची आठवण राहते. माणसाच्या बाबतीत ती का राहू नये?

पंडित नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत या चाचण्या थांबवा अशी मागणी केली होती. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत करार झाला. हवेत, अवकाशात व पाण्याखाली स्फोट करण्यास त्याने मनाई केली. भारताने ८ ऑगस्टला सही केली. फ्रान्स व चीन मात्र बाहेर राहिले. चीनचा हवेतील शेवटचा स्फोट १९८० साली झाला.

अलीकडे अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेने हवेतील चाचण्यांच्या जुन्या फिल्मा गोळा करून नव्याने मोजल्या, तेव्हा पूर्वीचे काही आकडे चुकलेले आढळले. नवा स्फोट न करता ज्ञान वाढले, ते असे.

मंडळी, फिल्म पुन्हा मोजता येते. डोळा पुन्हा मिळत नाही. बंदरावर असो, कारखान्यात असो, यंत्राची काळजी घेणाऱ्या मालकाला पहिल्याच दिवशी विचारा: आमच्या डोळ्यांसाठी काय ठेवले आहे?