भिंतीचे रसायन आणि रस्त्याची कड



वाहनांमुळे बिघडलेली हवा इमारतींच्या भिंतींनी आणि रस्त्याच्या पृष्ठभागानेच स्वच्छ करावी, ही कल्पना गेल्या पाव शतकात जगभर मांडली गेली, तिच्यावर पैसा खर्च झाला, तिची भरपूर जाहिरात झाली आणि काही ठिकाणी तिची परीक्षाही घेतली गेली. त्या परीक्षेचा निकाल जाहिरातीइतका उजळ नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. तरीही विषय झटकून टाकण्याजोगा नाही. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53, म्हणजे जुना क्रमांक 6, ज्या जिल्ह्यातून भंडारा, लाखनी व साकोली ही गावे ओवत जातो, त्या भंडारा जिल्ह्यात बांधकामाचे साहित्य निवडणारा माणूस हवेसंबंधीचाही एक निर्णय घेत असतो, मग ते त्याच्या ध्यानात येवो वा न येवो.

हवा स्वच्छ करू पाहणाऱ्या या साहित्याचा गाभा म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड ही भुकटी, जी रंगाला आणि कागदाला पांढरेपणा देते आणि जिचे मूळ खनिज, इल्मेनाइट, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळसर वाळूतही सापडते. तिच्या अ‍ॅनाटेज नावाच्या स्फटिकरूपावर अतिनील किरण, म्हणजे सूर्यप्रकाशाचा जांभळ्यापलीकडचा न दिसणारा भाग, पडला की स्फटिकातील इलेक्ट्रॉन आपली जागा सोडतो, मागे एक रिकामी जागा राहते, आणि ही दोन्ही मिळून पृष्ठभागावरील पाणी व ऑक्सिजन यांपासून अत्यंत क्रियाशील व क्षणजीवी घटक तयार करतात. भुकटी स्वतः मात्र खर्ची पडत नाही. प्रकाशाच्या साह्याने दुसऱ्यांची क्रिया घडवून स्वतः तसेच राहण्याच्या या गुणाला प्रकाश-उत्प्रेरण म्हणतात. आकिरा फुजिशिमा व केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी या मार्गाने पाण्याचे विघटन होते असे 1972 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले आणि तेथून या शाखेकडे जगाचे लक्ष वेधले गेले. इंजिनात इंधन जळताना हवेतलेच नायट्रोजन व ऑक्सिजन उष्णतेने जोडले जाऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात, आणि डिझेलवर चालणाऱ्या जड वाहनांत ती विशेष बनतात. हे वायू उत्प्रेरक मिसळलेल्या भिंतीला टेकले तर त्यांचे नायट्रिक आम्लात रूपांतर होते, ते आम्ल सिमेंटमधील चुन्याच्या घटकांशी संयोग पावते आणि तयार झालेला नायट्रेट क्षार पावसाने धुऊन जातो.

रोममध्ये रिचर्ड मायर यांच्या आराखड्यानुसार उभे राहिलेले ज्युबिली चर्च 2003 मध्ये खुले झाले, तेव्हा त्याच्या पांढऱ्या काँक्रीटमध्ये इटालसिमेंटी कंपनीने हीच भुकटी वापरलेली होती. परंतु तिथला मूळ हेतू भिंतींचा पांढरेपणा टिकावा एवढाच होता आणि हवा शुद्ध होते हा लाभ मागाहून पुढे आणला गेला. स्वतः स्वच्छ राहणे आणि सभोवतालची हवा स्वच्छ करणे ही दोन वेगळी कामे आहेत. विक्रेत्यांच्या बोलण्यात ती नेहमी एकाच दमात येतात, आणि निविदा तपासणाऱ्याने ती तिथेच वेगळी केली पाहिजेत.

यांपैकी हवा स्वच्छ करण्याचे काम रस्त्यावर का अवघड ठरते, हे ते मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या पेटीकडे बारकाईने पाहिले की कळते. आयएसओ 22197-1 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार सुमारे 5 सेंटिमीटर रुंद व 10 सेंटिमीटर लांब असा नमुना बंद पेटीत ठेवतात, त्यावर अतिनील किरण आत सोडणारी काच बसवतात आणि नमुना व काच यांमध्ये फक्त 5 मिलिमीटरची फट ठेवतात; त्या फटीतून दहा लाखांत एक भाग नायट्रिक ऑक्साइड असलेली हवा मिनिटाला 3 लिटर या वेगाने, 50 टक्के सापेक्ष आर्द्रतेत, सोडली जाते. अशा अरुंद फटीतून जाणाऱ्या हवेला नमुन्याला घासून गेल्यावाचून गत्यंतर नसते, म्हणून निकाल चांगला येतो. महामार्गावर असली काच नसते. समजा, 10 मीटर लांबीच्या भिंतीला समांतर सेकंदाला 2 मीटर वेगाची मंद झुळूक वाहते आहे आणि भिंत सेकंदाला 5 मिलिमीटर जाडीचा हवेचा थर शुद्ध करण्याइतकी तत्पर आहे, तर हवा भिंतीपाशी 5 सेकंद राहील आणि जेमतेम अडीच सेंटिमीटरचा थर शुद्ध होईल. भिंतीपासून दोन पावलांवर उभ्या असलेल्या पादचाऱ्याच्या नाकाशी त्या थराचा संबंध येणार नाही. पेटीतली टक्केवारी रस्त्यावर आणता येत नाही, ती या भूमितीमुळे, आणि उत्प्रेरक कितीही सुधारला तरी भूमिती बदलत नाही.

नेदरलँड्समधील हेंगेलो शहरात एका अरुंद निवासी रस्त्यावर उत्प्रेरकाचा थर असलेले पेव्हर ब्लॉक बसवून शेजारच्या साध्या रस्त्याशी तुलना केली गेली, तेव्हा नायट्रोजन ऑक्साइडांत दिवसाच्या सरासरीत 19 टक्के आणि दुपारच्या वेळी 28 टक्के घट नोंदली गेली. हा या क्षेत्रातला सर्वांत आशादायक दाखला. उलट ब्रुसेल्सच्या लिओपोल्ड दुसरा या बोगद्यात भिंतींवर उत्प्रेरक आणि वर अतिनील दिवे लावूनही मोजता येण्याजोगी घट जवळजवळ मिळाली नाही, कारण प्रकाश अपुरा पडला आणि काजळीच्या थराखाली पृष्ठभाग निष्प्रभ झाला. ब्रिटनच्या हवा-गुणवत्ता तज्ज्ञगटाने 2016 मध्ये उपलब्ध पुरावा तपासून, अशा रंगांनी व पृष्ठभागांनी शहरातील हवेत व्यापक घट होते असे मानण्यास फारसा आधार नाही, असाच निष्कर्ष काढला. साहित्याचीही ओढ असलेल्या श्रोत्यांसाठी एवढी नोंद की शेफिल्ड विद्यापीठाने 2014 मध्ये सायमन आर्मिटेज यांची हवेवरची एक कविता याच भुकटीचा लेप दिलेल्या 20 मीटर उंच फलकावर छापून इमारतीवर टांगली आणि तो फलक दिवसाला सुमारे 20 मोटारींचे प्रदूषण शोषतो असे सांगितले. कवितेच्या मानाने ही कामगिरी थोर म्हणावी लागेल. महामार्ग 53 च्या मानाने 20 मोटारी म्हणजे डोळ्याचे पाते लवण्याचा अवकाश.

भंडारा जिल्ह्याच्या हवामानात हा उत्प्रेरक आणून बसवला तर काय होईल, याचा विचार ऋतूंच्या क्रमाने करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये अतिनील किरणांची ददात नाही, मात्र त्या दिवसांत वारा व उष्णता हवेला वर उचलून पांगवतातच. पावसाळ्यात आर्द्रता इतकी असते की पाण्याचे रेणू उत्प्रेरकावरील जागा अडवून बसतात आणि वायूंना तिथे थारा मिळत नाही. हवा खरोखर कोंडते ती डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, जेव्हा जमिनीलगतचा थंड थर वरच्या उबदार थराखाली अडकून पडतो, वैनगंगेच्या काठावर धुके उतरते आणि लांब पल्ल्याचे ट्रक रात्रभर धावत असतात. आणि नेमका त्याच वेळी, प्रकाशाअभावी, उत्प्रेरक झोपलेला असतो. त्यातच पावसाळा सरल्यापासून पुढच्या पावसापर्यंत भिंतीवर धूळ साचत राहते, म्हणजे पावसाच्या भरवशावर स्वतःला धुऊन घेणारी भिंत वर्षातले सात-आठ महिने धुळीच्या पडद्याआड राहते. जो नायट्रेट क्षार पावसात धुऊन जाईल तो कुठे जातो, हाही प्रश्न या तलावांच्या जिल्ह्यात विचारलाच पाहिजे. कोहळी समाजाने जोपासलेल्या मालगुजारी तलावांत शेतीच्या खतांतून येणाऱ्या नायट्रेटच्या मानाने भिंतीवरचे नायट्रेट नगण्य ठरेल, तरी हिशेबाच्या वहीत ते मांडलेले असावे.

धुळीचा उल्लेख वर ओघात आला, पण या जिल्ह्यातील वाहतूक-प्रदूषणाचा मोठा भाग धूळच आहे, आणि तिच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचे काहीएक चालत नाही. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज-6 मानकांनी नव्या वाहनांच्या धुरांड्यावर कठोर मर्यादा घातल्या. टायर, ब्रेक आणि रस्त्यावर पडलेली माती यांना त्या मर्यादा लागू नाहीत. पक्क्या रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीचा अंदाज बांधण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने दिलेल्या प्रचलित सूत्रात दोनच मुख्य राशी आहेत, एक म्हणजे रस्त्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर पडलेली 75 मायक्रॉनहून बारीक माती आणि दुसरी म्हणजे वाहनांचे सरासरी वजन, आणि धूळ या दोहोंच्या जवळपास प्रमाणात वाढते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ही बारीक माती येते कुठून, हे पाहण्यासाठी उपकरण लागत नाही: वैनगंगेच्या घाटावरून ओली रेती घेऊन निघालेला टिप्पर डांबरावर चढतो तेव्हा चाकांना चिकटलेला गाळ पहिल्या शंभर पावलांत सोडतो, समोरून वाहन आले की बाजूच्या मुरमाच्या कच्च्या कडेवर उतरतो, तिथून पुन्हा चाकाला मुरूम लावून वर येतो, आणि मागून येणारी पन्नास वाहने तो दळून हवेत उडवतात. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज खाणींच्या वाटांवर याच चक्रात खनिजाची भुकटीही मिसळते.

म्हणून भंडाऱ्यात वाहतुकीचे प्रदूषण कमी करणारे पहिले बांधकाम-साहित्य कोणते, या प्रश्नाचे या पीठावरून दिले जाणारे उत्तर रस्त्याची कड हे आहे. रस्त्याचा दीड-दोन मीटरचा खांदा, म्हणजे डांबराबाहेरची ती पट्टी, इकडे ज्यांना गट्टू म्हणतात त्या ब्लॉकांनी किंवा पातळ काँक्रीटने बांधावी, तिला कर्बची कड आणि नालीकडे उतार द्यावा, आणि रेतीघाट, विटाभट्टी वा खाण यांच्या वाटा मुख्य रस्त्याला मिळतात तिथे चाके झाडून घेणारा खडबडीत काँक्रीटचा पट्टा टाकावा. यात नवे विज्ञान काही नाही आणि म्हणूनच कदाचित त्याला कुणी पुरस्कार देत नाही. परंतु सूत्रातली पहिली राशी यानेच खाली येते. गट्टू बसवताना सांध्यांत भरायची रेती धुतलेली व जाड असावी, कारण सांध्यातली बारीक माती पहिल्याच उन्हाळ्यात हवेत जाते, आणि आजवरच्या कामांत सर्वांत जास्त हलगर्जीपणा इथेच होतो.

हे ब्लॉक कशाचे बनवावेत, हा प्रश्न वाहतुकीपासून वेगळा नाही. सिमेंटचे कारखाने चंद्रपुरात आणि छत्तीसगढात, म्हणजे सिमेंटची पोती महामार्गावरून ट्रकने येतात. त्यातला जेवढा वाटा स्थानिक साहित्याने भरून काढता येईल तेवढ्या फेऱ्या मुळातच वाचतात. धानाच्या या जिल्ह्यात ते साहित्य राइस मिलच्या मागे ढिगाने पडलेले असते. एक टन धानामागे सुमारे 200 किलो तूस निघते, ते जाळल्यावर सुमारे 40 किलो राख उरते, आणि त्या राखेत 85 ते 90 टक्के सिलिका असते. तूस साधारण 700 अंश सेल्सिअसच्या खाली, नियंत्रित रीतीने जाळले तर ही सिलिका काचेसारख्या अस्फटिक अवस्थेत राहते आणि सिमेंटमधील चुन्याशी संयोग पावून काँक्रीटला बळकटी देते. तापमान फार चढले की ती स्फटिकरूप होऊन निष्क्रिय बनते. भारतीय मानक आयएस 456 च्या 2000 सालच्या आवृत्तीत, अपेक्षित गुणवत्ता व एकसारखेपणा दिसत असेल तर, सक्षम अधिकाऱ्याच्या संमतीने ही राख वापरण्याची मुभा दिलेली आहे. बॉयलरमध्ये कशीही जाळलेली काळी राख त्या कसोटीला उतरत नाही, ती उघड्यावर टाकली जाते आणि वाऱ्याबरोबर गावभर होते, म्हणजे जे द्रव्य धूळ कमी करू शकते तेच धूळ वाढवते. मौदा आणि तिरोडा येथील औष्णिक वीजकेंद्रांची कोळशाची राखही हाताशी आहे, तिच्या विटा व ब्लॉक बनतात. तिची वाहतूक मात्र बंद टँकरनेच व्हावी, एवढी अट निविदेत स्पष्ट लिहिलेली हवी.

शेवटी एक संशोधनाचा धागा. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतले मँगनीज डायऑक्साइड सुक्या बॅटऱ्यांसाठी वापरले जाते, हे सर्वांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्याच संयुगाचे तांब्याच्या ऑक्साइडशी मिश्रण करून कार्बन मोनॉक्साइडला सामान्य तापमानात निरुपद्रवी करणारा उत्प्रेरक घडवला गेला आणि तो वायुरोधक मुखवट्यांत वापरला गेला, हे कमी जणांना ठाऊक आहे. त्याला प्रकाश लागत नाही, म्हणजे तो रात्रीही काम करतो, आणि त्यातले मँगनीज डायऑक्साइड भूगर्भातून निघते ते याच जिल्ह्यात. तो ओलाव्याने लवकर निकामी होतो आणि मँगनीजची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे मज्जासंस्थेला घातक असते, त्यामुळे तो उघड्या भिंतीवर लिंपण्याचा विचारही करू नये. पण वाहनतळ, टोलनाक्याचा कक्ष किंवा महामार्गालगतची शाळा यांसारख्या बंदिस्त जागांत हवा आत घेणाऱ्या यंत्राच्या गाळणीत त्याची चाचणी घेण्याजोगी आहे.

चाचणी भिंतींचीही व्हावी, आणि ती विक्रेत्याच्या पेटीत न होता साकोली वा लाखनीच्या महामार्गावर व्हावी. एकाच बाजूला, एकाच उंचीच्या चार भिंती: दोन साध्या, दोन उत्प्रेरकाच्या, आणि प्रत्येक जोडीतली एक दर पंधरवड्याला पाण्याने धुतलेली. समोरच्या खांद्याचा अर्धा भाग गट्टूंचा आणि अर्धा मुरमाचा असावा, नोंदी माणसाच्या नाकाच्या उंचीवर घ्याव्यात, रात्रीच्या व दिवसाच्या नोंदी वेगळ्या मांडाव्यात आणि त्यात नायट्रोजन डायऑक्साइडइतकेच पीएम 10 ला, म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतच्या धुळीला, स्थान असावे. राष्ट्रीय मानकानुसार 24 तासांच्या सरासरीत पहिल्याची मर्यादा घनमीटरला 80 मायक्रोग्रॅम आणि दुसऱ्याची 100 आहे. हवेच्या मोजमापाचा दीर्घ अनुभव असलेली, 1958 मध्ये स्थापन झालेली नीरी ही संस्था नागपूरला, म्हणजे तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. डिसेंबरपूर्वी भिंती उभ्या राहिल्या तर पहिला हिवाळा हाती लागेल.