चित्रातला तारपा, कॅसेटमधला आवाज

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सुचवलं होतं, ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल.’ त्यावर बोलणारे आता गल्लोगल्ली भेटतात. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी माझ्या रविवारच्या उद्योगावर बोलणार आहे. आठवडाभर मी संगणकासमोर असते आणि रविवारी जुने हेडफोन, टेपरेकॉर्डर, अँप्लिफायर उघडून बसते. घरचे त्या टेबलाला ‘भंगाराचं दुकान’ म्हणतात. काही जुन्या वस्तू मी खरोखरच मुंबईच्या चोरबाजारातून आणल्या आहेत, त्यामुळे भांडायला जागा नाही.

दहावीच्या विज्ञानातला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आठवतोय का? अंगठा आणि दोन बोटं काटकोनात धरून अख्खा वर्ग हात वाकडे करून बसायचा. हेडफोनमध्ये तोच नियम काम करतो. चुंबकीय क्षेत्रात तारेचं बारीक वेटोळं असतं. त्यातून प्रवाह गेला की ते हलतं, त्याला चिकटलेला पातळ पडदा हलतो, पडद्याने हवा हलते आणि आपल्याला गाणं ऐकू येतं. जर्मनीच्या बायर कंपनीने १९३७ साली या तत्त्वावरचा हेडफोन काढला. १९५८ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस यांनी स्टिरिओ हेडफोन आणला. १९७९ मध्ये वॉकमन आला आणि गाणं रस्त्यावरून चालायला लागलं. एवढ्या वर्षांत मूळ तत्त्व मात्र बदललेलं नाही.

माझा आवडता हेडफोन सेन्हायझर कंपनीचा एचडी ४१४. तो १९६८ सालचा आहे. कानावर पिवळा फोम, वजन अगदी हलकं आणि मागची बाजू उघडी. त्यामुळे आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, समोरच्या खोलीत कोणी गात असल्यासारखा वाटतो. त्याची वायर दोन्ही कानांपासून ओढून वेगळी करता येते. फोम काढून धुता येतो, नवा बसवता येतो. मात्र त्याचा रोध दोन हजार ओहम आहे. मोबाइलला जोडला तर आवाज अगदी बारीक येतो, त्याला जुना अँप्लिफायरच लागतो. जुन्यांना जुन्यांचीच सोबत बरी वाटते, असं समजा.

या वस्तू दुरुस्त करताना एक गोष्ट कळली. धातू आणि चुंबक टिकतात, मऊ असतं ते आधी जातं. हेडफोनचा फोम भुसा होऊन गळतो. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकटतो. वायर प्लगपाशी आतल्या आत तुटते. आवाजाच्या बटणाखाली धूळ बसते आणि फिरवलं की खरखर येते. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि वर्षभर दमट हवा, त्यामुळे कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशीही धरते. पण यातलं बहुतेक सगळं स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न, कापसाचा बोळा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांवर सुधारतं. ज्यांनी या वस्तू बनवल्या, त्यांनी पुढे कोणीतरी त्या उघडणार हे धरूनच त्यांना स्क्रू लावले होते. आज माझ्या कानातले इअरबड्स गोंदाने बंद केलेले असतात. बॅटरी दमली की वस्तूच संपली.

इथपर्यंत हा माझा छंद होता. आता गंजाडचं सांगते.

आपल्या गावाचं नाव जगात गेलं ते चित्रांमुळे. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या वारली चित्रांतला तारप्याचा नाच परदेशातल्या लोकांनीही पाहिला. पण चित्रातला तारपा दिसतो, ऐकू येत नाही. लग्नाचा चौकही तसाच. चौकाचे फोटो पुस्तकांत छापून आले, पण तो चौक ज्या गाण्यांसोबत पुरा होतो, ती धवलेरीची गाणी तिच्या गळ्यात राहिली. काही मात्र कॅसेटमध्ये उतरली, कारण नव्वदच्या दशकात पाड्यांवर टू-इन-वन आले होते आणि लग्नात कोणीतरी ‘रेकॉर्ड’चं बटण दाबून ठेवायचं.

अशी एक कॅसेट मागच्या वर्षी आपल्याच एका वर्गमैत्रिणीने माझ्याकडे आणली. तिच्या आत्याच्या लग्नातली. ‘फीत खराब झालीय, नुसता घुमल्यासारखा आवाज येतो,’ ती म्हणाली. फीत चांगली होती. कॅसेटमध्ये फितीला हेडवर दाबून धरणारी नमद्याची छोटी गादी असते. तिचा गोंद सुटून ती पडली होती. कवच स्क्रूचं नव्हतं, चिकटवलेलं होतं. ते ब्लेडने सांध्यावर उघडलं, फितीची दोन्ही रिळं अलगद उचलली आणि स्क्रूच्या दुसऱ्या कवचात बसवली.

तरी आवाज दबलेलाच होता. ज्या टेपवर रेकॉर्डिंग झालं, त्याचं हेड किंचित तिरकं असणार. मग माझ्या टेपचं हेडही तेवढंच तिरकं करावं लागतं. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. हेडफोन लावून तो केसभर फिरवत जायचं. एका जागी अचानक ‘स’ आणि ‘च’ स्पष्ट होतात. त्या जागी नेलपॉलिशचा एक थेंब लावायचा, म्हणजे स्क्रू हलत नाही.

तसं केल्यावर आधी ऐकू आला कोंबडा. मग भांड्यांचा आवाज, एका बाळाचं रडणं, कोणीतरी ‘सरका, सरका’ म्हणालं आणि मग धवलेरी गायला लागली. ती बाई आता हयात नाही. तिची भाची आज पाड्यावर लग्नं लावते. तिला बोलावून मी हेडफोन दिला. ती डोळे मिटून, ओठ हलवत सोबत म्हणत होती. मध्येच तिचे ओठ थांबले. गाणं संपल्यावर म्हणाली, “हं मधलं मला येत नव्हतं. आते म्हणायची, पण माझ्यापरेंत आलंच नाय.” तिने तो भाग चार वेळा ऐकला. पाचव्या वेळी हेडफोन काढून स्वतः म्हणून दाखवला.

मी त्या गाण्याची डिजिटल प्रत केली, ती मैत्रिणीच्या घरी आणि त्या भाचीकडे दिली. इंटरनेटवर टाकली नाही. ही गाणी विधीची आहेत. ती बाहेर कोणी ऐकावीत की नाही, हे ज्यांची आहेत त्यांनी ठरवायचं. माझं काम आवाज मोकळा करण्यापर्यंतच.

म्हणून तुम्हा सगळ्यांना एक विनंती. घरी गेल्यावर माळ्यावरचा डबा बघा. कॅसेट सापडली तर लगेच जुन्या टेपमध्ये घालून बटण दाबू नका, वितळलेला पट्टा किंवा चिकट रबर फीत गुंडाळून टाकतं. आधी पांढरी बुरशी आहे का ते पाहा, गादी जागेवर आहे का ते पाहा, पेन्सिलने रीळ हलकेच फिरतं का ते पाहा. बंद पडलेला टेपही भंगारवाल्याला देऊ नका, त्याचं हेड आणि मोटर कदाचित दुसऱ्याला जीवदान देतील. आणि विजेवर चालणारा अँप्लिफायर माहिती नसताना उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यातले मोठे कपॅसिटर झटका देतात.

शाळेच्या स्नेहसंमेलनाची कॅसेट कोणाकडे असेल तर तीही आणा. बाई, सर, तुमचे आवाज त्यात असतील. पुढच्या मेळाव्याला मी हेडफोन घेऊन येते, रांगेत बसून ऐकू.