वाचनाचा नेम आणि नवी कादंबरी



वसंत व्याख्यानमालेची प्रथा पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि तेथून ती गावोगाव गेली. अशा मालेत सामान्यतः त्या त्या विषयातले अधिकारी बोलतात. मी समीक्षक नव्हे, प्राध्यापक नव्हे आणि लेखक तर नव्हेच नव्हे. कादंबऱ्या वाचणे हाच माझा अधिकार. तरीही चालकांनी मला बोलावले, याचा अर्थ मी असा करतो की, रोज वाढपी बोलतात, एक दिवस पंगतीत बसलेल्यालाही बोलू द्यावे. जेवणाऱ्याला पाकशास्त्र सांगता येणार नाही. पण कोणता पदार्थ जिभेवर राहिला आणि कशात मीठ अंमळ जास्त पडले, हे तो खात्रीने सांगू शकतो. तेवढेच मी आज करणार आहे.

विषयाचे दोन भाग आहेत. गेल्या वीसएक वर्षांत मराठीत ज्या कादंबऱ्या आल्या, त्यांतल्या काहींविषयी प्रथम बोलेन. मग, त्या वाचण्यासाठी वाचकाने स्वतःला कोणते वळण लावावे, म्हणजेच वाचनाचा नेम कसा करावा, याविषयी.

कोणत्याही वाचनालयाच्या खिडकीशी थोडा वेळ उभे राहिले, तर एक वाक्य हमखास कानावर पडते : "हल्ली कुठे काही चांगले लिहिले जाते?" हे म्हणणाऱ्याच्या घरच्या कपाटात बहुधा तीन पुस्तके असतात. १९५९ सालची 'ययाति', १९६२ सालची 'स्वामी' आणि १९६७ सालची 'मृत्युंजय'. ही पुस्तके मीही आवडीने वाचलेली आहेत आणि त्यांच्याविषयी उणा शब्द काढण्याचा माझा हेतू नाही. परंतु एक गोष्ट पाहा. पहिल्या कादंबरीचा नायक पुराणातला राजा आहे, दुसरीचा पेशवा आणि तिसरीचा महारथी. या पुस्तकांनी आपल्याला मान वर करून नायकाकडे पाहायची सवय लावली. आता नवी कादंबरी उघडावी, तर नायक शिंपी निघतो, नाहीतर म्हैस शोधत हिंडणारा शेतकरी. त्याच्याकडे पाहायचे तर मान खाली करावी लागते, आणि कधी कधी त्याच्याशेजारी जमिनीवर बसावे लागते. चांगले लिहिले जात नाही अशी आपली तक्रार असते, तिच्या मुळाशी पुष्कळदा ही मानेची अडचण असते, असे मला वाटते.

शिंपी म्हणालो, तो देवीदास सौदागर यांच्या 'उसवण' या कादंबरीतला. सौदागर हे तुळजापूरचे. शिलाईकाम त्यांनी स्वतः केलेले आहे. या पुस्तकाला २०२४ सालचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. गोष्ट म्हटली तर इवलीशी आहे. बाजारात तयार कपडे आले आणि माप देऊन कपडे शिवून घेणारे गिऱ्हाईक कमी होत गेले. हे आपल्याला ठाऊक नव्हते काय? चांगले ठाऊक होते. तयार शर्ट विकत घेणारे आपणच तर होतो! दिवाळीच्या आधी शिंप्याकडे घातलेले हेलपाटे, "उद्या नक्की" हा त्याचा वायदा आणि काज-बटणासाठी अडून राहिलेला सदरा, हे सारे आपण विसरून गेलो. पण यंत्राच्या पलीकडे बसलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्याला पडला नाही. कादंबरीने तो आपल्यासाठी विचारला. दुकानात गिऱ्हाईक नसले, तरी माणूस दुकान उघडून बसतो. त्या बसण्यात काय असते, हे कोणत्याही आर्थिक पाहणीच्या अहवालात सापडणार नाही. शिवण उसवते ती एका झटक्यात नव्हे, टाक्याटाक्याने. घरही तसेच उसवते. पुस्तक लहान आहे, पण मला ते भराभर वाचवले नाही.

दुसरी कादंबरी कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. हिला २०२३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. खोत पन्हाळ्याच्या मुलखातले. धरणासाठी गाव उठले, माणसे दुसरीकडे नेऊन बसवली आणि जनावर मागे राहिले. त्या मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात देवाप्पा आपल्या जुन्या, ओसाड गावी परत जातो. पाहतो तो, माणसाच्या दावणीची म्हैस आता रानाची झालेली आहे. ती त्याला ओळखत नाही. ओळखत असली, तरी मानत नाही. आता माणसाने तिला धरून न्यावे, की तिच्यापुढे हात जोडून परत फिरावे?

पावसाळ्यात आपण वर्तमानपत्र उघडतो आणि कोयनेचे धरण किती भरले हा आकडा प्रथम पाहतो. त्याची क्षमता १०५ टीएमसी, हे आपल्याकडे शाळकरी पोरेही सांगतात. पण पाण्याखाली काय काय गेले याचे माप कुठल्या एककात करायचे? 'रिंगाण' वाचताना मला वाटले की, ते एकक कादंबरीकाराजवळ असते. येथे मला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आठवते. ती १९५५ सालची. तीतही शेवटी गाव ओस पडते, पण दुष्काळाने. पाऊस आला, तर माणसे परतण्याची निदान आशा तरी धरता येते. 'रिंगाण'मधले गाव पाण्यामुळेच उठले आहे; त्याला कोणत्या पावसाची वाट पाहायची? ही दोन पुस्तके पाठोपाठ वाचली, तर जवळजवळ पासष्ट वर्षांत महाराष्ट्राच्या खेड्याचे काय झाले, हे एखाद्या जाडजूड इतिहासग्रंथाइतके स्पष्ट दिसते.

पाण्याचा विषय निघाला, तर मनोज बोरगावकर यांची 'नदीष्ट' सांगितली पाहिजे. ही २०१९ सालची. स्थळ नांदेड, नदी गोदावरी. नदीच्या नादी लागलेला एक पोहणारा रोज नदीवर जातो आणि काठावरची माणसे त्याची होतात. गुराखी आहे, भिक्षेकरी आहे, ज्यांना समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवले ते तृतीयपंथी आहेत. गोदावरीवर स्तोत्रे पुष्कळ झाली. तिच्या काठावर ज्यांना दुसरी जागाच नाही, त्यांची गोष्ट अशा मायेने सांगणारे पुस्तक विरळा.

आणखी दोन पुस्तकांचा निर्देश धावता करतो. कविता महाजन यांची 'ब्र' २००५ साली आली. १९९२ साली त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. जागा मिळाली, पण त्या जागेवर बसलेल्या बाईला तोंडातून 'ब्र' काढता आला काय, हा त्या कादंबरीचा प्रश्न. लेखिका २०१८ साली फार अकाली गेल्या. दुसरी नंदा खरे यांची 'उद्या', २०१४ सालची. खरे व्यवसायाने अभियंते. माणसाविषयीची सारी माहिती दुसऱ्याच्या हाती गेली, तर त्याचे माणूसपण किती शिल्लक राहील, हे त्यांनी तीत मांडले. या पुस्तकाला २०२० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा पुरस्कार न घेण्याचा आपला पूर्वीचा निश्चय सांगून त्यांनी तो नम्रपणे नाकारला. तेही २०२२ साली गेले.

आता मिठाविषयी. या नव्या कादंबऱ्यांत सारेच रुचकर आहे, असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा पात्र बोलता बोलता गप्प होते आणि लेखकच बोलू लागतो. मग पाचसहा पाने वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचल्यासारखे वाटते. कित्येक लेखकांना कथानकाचीच भीती वाटते की काय, कोण जाणे! पुढे काय झाले हे जाणण्याची वाचकाची उत्सुकता म्हणजे काही गुन्हा नव्हे. शिवाय नायक दुःखीच असला पाहिजे, असाही एक संकेत होऊ पाहतो आहे. वस्तुतः खेड्यातला माणूस दुःखात असतानाही विनोद करतो, आणि तो विनोद पुष्कळ वेळा आपल्या शहरी विनोदापेक्षा धारदार असतो. तो या पुस्तकांत अधिक यावा, अशी माझी वाचक म्हणून मागणी आहे.

आता दुसरा भाग, संकल्पाचा. हल्ली वर्षारंभी वाचनाचे संकल्प सोडले जातात. कोणी म्हणतो यंदा पन्नास पुस्तके, कोणी म्हणतो शंभर. मोबाईलवर त्याचे हिशेब ठेवण्याचीही सोय आहे. हिशेब ठेवणे वाईट नव्हे. तरुण मुले त्या निमित्ताने वाचत असतील, तर आनंदच आहे. पण आकड्याचा एक स्वभाव असतो. त्याला पातळ पुस्तक आवडते, सोपे पुस्तक आवडते, आणि वाचून झाल्यावर खिडकीबाहेर पाहत बसणारा वाचक मुळीच आवडत नाही. रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' ही २०१९ सालची कादंबरी सातशेहून अधिक पानांची आहे आणि एका कुळाच्या पिढ्यांमधून शतकानुशतकांचा काळ उभा करते. आकड्याच्या मागे लागलेला वाचक तिला हात लावणार नाही, कारण तेवढ्या वेळात त्याची पाच पुस्तके व्हावयाची!

आपल्या घरांतून वाचनाची याहून जुनी आणि मला अधिक शहाणी वाटणारी रीत होती. ती म्हणजे नेम. चातुर्मासात आजी पोथी लावायची. रोज एक अध्याय, कमी नाही, जास्त नाही. पाहुणे येवोत, लग्नकार्य निघो, अध्याय चुकायचा नाही. किती पोथ्या झाल्या, असे तिला कोणी विचारले नाही. तीच पोथी दर वर्षी वाचली जाई. ऐकायला शेजारणी येत, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याही पदरात ती पोथी पडे. यातला श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. मी फक्त रीत उचलू म्हणतो. रोजची ठरलेली पाने, तेच पुस्तक पुन्हा वाचण्याची तयारी आणि मोठ्याने वाचन, या तीन गोष्टी नव्या कादंबरीला औषधासारख्या लागू पडतात.

रोज दहा पानांचा नेम धरला, तर सातशे पानांचे पुस्तक सत्तर दिवसांत होते. चातुर्मास संपायच्या आत. यंदा 'सातपाटील कुलवृत्तांत' या रीतीने दुसऱ्यांदा वाचण्याचा माझा विचार आहे. दुसरे असे की, वर्षाकाठी निदान एक कादंबरी अशी वाचावी, जिची बोली आपल्या घरची नाही. "भाषा कळत नाही" म्हणून पुस्तक मिटणारे पुष्कळ वाचक मी पाहिले आहेत. त्यांना माझी एक सूचना आहे : पहिली वीस पाने मोठ्याने वाचा. बोली कानासाठी असते. डोळ्याला अडलेला शब्द कानाला पुष्कळदा आपोआप उमगतो, आणि नाही उमगला, तर वाक्याचा सूर त्याचा अर्थ सांगतो. घरात कोणी त्या मुलखातले असेल, तर त्याच्याकडून वाचून घ्यावे. तिसरे, नव्याबरोबर एक जुने. 'रिंगाण'शेजारी 'बनगरवाडी', तशा जोड्या आपापल्या लावाव्यात. त्यामुळे नव्याचा नवेपणा कळतो आणि जुन्यावरची धूळही झटकली जाते.

शेवटची गोष्ट वाचनालयाची. महाराष्ट्रात १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. ग्रंथालये सरकारी अनुदानावर आणि आपल्या वर्गणीवर चालतात. मराठी कादंबरीच्या आवृत्त्या लहान असतात, आणि त्यांतल्या कित्येक प्रती ग्रंथालयांच्याच कपाटांत जातात. ग्रंथपाल बिचारा वाचक मागतील ते आणतो. आपण 'मृत्युंजय' मागितली, तर तो तिची आणखी एक प्रत आणील. 'उसवण' मागितलीच नाही, तर ती का आणावी? एखादे पुस्तक बाजारातून नाहीसे होते, तेव्हा त्याच्याबरोबर शिंप्याचे शब्द जातात, गुराख्याच्या हाका जातात, बुडालेल्या गावातल्या शेतांची नावे जातात. गाव पाण्याखाली गेले, ते आपल्या हातात नव्हते. त्या गावाचे पुस्तक कपाटात यावे की न यावे, हे मात्र पुष्कळसे आपल्या हातात आहे. वाचनालयात मागणीची वही असते. तिच्यात एक ओळ लिहायला अर्धे मिनिट लागते.

तेव्हा श्रोतेहो, या मालेतून घरी जाताना एवढेच मनाशी धरावे, अशी माझी विनंती आहे. यंदा किती पुस्तके वाचली हे वर्षअखेरीस मोजावे न मोजावे, ज्याची त्याची मर्जी. पण ज्या माणसाच्या दारावरून आपण रोज जातो आणि ज्याच्याकडे कधी पाहिले नाही, अशा एका तरी माणसाच्या घरात कादंबरीचे बोट धरून जाऊन यावे. बाहेर पडताना आपली मान आधीसारखीच वर आहे काय, हे ज्याचे त्याने पाहावे.