उतारवय आणि ब-१२ जीवनसत्त्व

माणसाचे आयुष्यमान वाढले. परंतु वाढलेली वर्षे धडधाकट जावयाची, तर रक्त व मज्जातंतू यांचे पोषण अखंड चालले पाहिजे. त्यासाठी ब-१२ या जीवनसत्त्वाची प्रौढ माणसाला दररोज अवघ्या दोन-अडीच मायक्रोग्रॅमची गरज असते. मात्र हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती निर्माण करीत नाही. ते सूक्ष्म जंतू तयार करतात आणि प्राणिज पदार्थांतूनच ते आपल्यापर्यंत पोचते. बडोद्यात मराठी व गुजराती अशा पुष्कळ घरांतून शाकाहार पाळला जातो. तेथे एकटे दूधच काय तो आधार होय.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये या जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर ते ८१ टक्के होते. म्हणजे ही उणीव केवळ गरिबीची नव्हे.

दोन मोठे पेले दूध वा दही यांतून दिवसाची बरीचशी गरज भागते. परंतु चहातल्या चार चमचे दुधाला दूध पिणे म्हणता येत नाही. शिवाय साठीनंतर जठरातील आम्ल कमी होते आणि अन्नातील प्रथिनांना चिकटलेले ब-१२ सुटे होत नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन व दीर्घकाळ घेतलेल्या आम्लशामक गोळ्या यांनीही ही अडचण वाढते. गोळीतील ब-१२ मात्र सुटेच असल्याने ते आम्लावाचूनही शोषले जाते. पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे 'वयाचा परिणाम' म्हणून सोडून देऊ नयेत. उपचारास फार विलंब झाला, तर मज्जातंतूंची हानी पुरती भरून येत नाही. नुसते फॉलिक आम्ल घेतल्यास पंडुरोग झाकला जातो. मज्जातंतूंची झीज मात्र चालूच राहते.

गोळी घ्यावयाची, ती कोणती? कोबालामिनचे नाव व मायक्रोग्रॅममधील मात्रा वेष्टनावर स्पष्ट असावी. औषध असेल तर उत्पादन-परवान्याचा क्रमांक, पूरक आहार असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक पाहावा. शेवाळाच्या भुकटीवर मात्र विसंबू नये. तिच्यातील बहुतेक अंश शरीराला निरुपयोगी असतो. हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतील शंभरात एखादाच अंश शोषला जातो, म्हणून मोठा आकडा पाहून भिण्याचे कारण नाही.

१९०७ सालापासून बडोद्यात औषधे बनत आली आहेत. गुजरातची अन्न व औषध प्रयोगशाळाही याच शहरात आहे. अशा गावी तरी जाहिरातीवर नव्हे, तर रक्ततपासणी, वैद्यकीय सल्ला आणि वेष्टनावरील अक्षरे यांवर विश्वास ठेवावा. दुधाचा पेला नित्याचा असावा; गरज पडेल तेथे गोळीची जोड द्यावी.